चांगुणाबायची अकरा गाणी

पेणच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझा गाळा होता. बाहेर पाटी, ‘संगणक दुरुस्ती’. आत एक लांब टेबल, टेबलावर पोट उघडून ठेवलेले दोन-तीन कॉम्प्युटर आणि त्यांच्यामागे मी. नवीन गिऱ्हाईक उंबऱ्यापाशी थबकायचं, मला बघायचं, मान वर करून पुन्हा एकदा पाटी वाचायचं आणि विचारायचं, “मेकॅनिक कधी येतील?”

“आलेत. बसा,” असं म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर उचलायची.

हे पंचवीस-सव्वीस वर्षं चाललं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माझं पोट भरलं ते सीडी ड्राइव्हवर. आजच्या लॅपटॉपला तो नसतोच, त्यामुळे नव्या वाचकांना सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला एक बटण असायचं. ते दाबलं की जिभेसारखा एक ट्रे बाहेर यायचा, त्यावर चकचकीत तबकडी ठेवायची आणि ट्रे आत ढकलायचा. आत ती तबकडी गरगर फिरायची आणि खालून एक लेझरचा किरण तिच्यावर काय लिहिलंय ते वाचायचा. गाणी, फोटो, हिशेब, लग्नं, मुलांचा अभ्यास, सगळं त्या तबकडीवर. आणि ड्राइव्ह बिघडला की ते सगळं कुलूपबंद.

बिघाड तसे ठरलेले. मी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासायची, सीडी सुलटी घातली आहे ना. पण हे सरळ विचारलं की माणूस दुखावतो. कंपनीतला साहेब असेल तर फारच दुखावतो. म्हणून मी म्हणायची, “एकदा बाहेर काढा, फुंकर मारा आणि पुन्हा घाला बरं.” उलटी असली तर तो स्वतःच गुपचूप सुलटी करायचा आणि “फुंकर मारली, चाललं!” असं आनंदाने सांगायचा. फुंकरीवर विश्वास असलेली अशी कितीतरी माणसं माझ्यामुळे पेण-रोह्यात तयार झाली असतील.

त्यानंतर दुसरी सीडी घालून बघायची, म्हणजे दोष तबकडीचा की यंत्राचा ते कळतं. मग मागची वायर. मग आतलं भिंग. ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं, त्यावर धूळ बसली की किरण आंधळा होतो. ट्रे उघडत नसेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. आत अडकलेली सीडी काढायला ट्रेखाली एक बारीक भोक दिलेलं असतं, त्यात कागदाची पिन सरळ करून खुपसली की ट्रे पुढे सरकतो. या भोकाची गंमत म्हणजे रोह्याजवळच्या धाटावच्या एका कारखान्यातल्या फिटरने त्यात तेल सोडलं होतं. “बाई, मशीनला एवढंसं भोक ठेवतात ते तेलालाच,” त्याने मला समजावलं. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या मशीनच्या बाबतीत ते खरंही होतं. ड्राइव्ह मात्र कामातून गेला.

पेणमध्ये राहून गणपतीच्या कारखान्यांचं काम आलं नाही असं कसं होईल? बाळूशेठ म्हणून एक कारखानदार होते. गिऱ्हाईकं त्यांना मूर्तीचे नमुने सीडीवर पाठवायची. आषाढात त्यांचा ड्राइव्ह बंद पडला. मी उघडला तर आत पांढरं पीठच पीठ. “शेठ, माती गेली आत.”

“आमच्यात माती कुठं नाय? माझ्या चहात पण हाय,” ते म्हणाले.

मी भिंग पुसून दिलं आणि कॉम्प्युटर झाकून ठेवायला सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा बोलावणं आलं. जाऊन बघते तर कॉम्प्युटरला लाल कापडाचा छान पडदा, शेजारी पाट आणि पाटावर उदबत्त्यांचं घर. रोज सकाळ-संध्याकाळ चार उदबत्त्या. मातीपासून वाचलेलं भिंग धुराने तपकिरी झालं होतं. त्यांना उदबत्ती बंद करा म्हणायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी आम्ही कॉम्प्युटरच खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. बाळूशेठनी उदबत्त्या तिथेच ठेवल्या, कारण जागा सवयीची झाली होती.

असे किस्से सांगत बसले तर अंक भरेल. पण संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मला आधी आठवली ती यमुना, आणि तिच्याविषयी लिहायचं तर माझी चूक आधी लिहावी लागेल.

यमुना खाडीकाठच्या एका गावातली. घरची थोडी शेती, नवरा मिठागरावर कामाला. वय तेव्हा तिशीच्या आसपास. तिची सासू चांगुणाबाय ही गावची धवलारीण होती. आमच्या बाजूच्या आगरी लग्नांत मांडवापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला गाणी लागतात, त्यांना धवले म्हणतात आणि ते सांगणारी बाई ती धवलारीण. भटजी असो वा नसो, धवलारीण हवीच. चांगुणाबाय वारून वर्ष होत आलं होतं. गावात एका मुलीचं लग्न येत्या वैशाखात करायचं ठरलं आणि मुलीची आई यमुनेकडे आली. “तुज्या सासूनं माजं लगीन लावलं, आता माज्या पोरीचं तू लाव,” म्हणाली. यमुना हो म्हणून बसली.

हे सगळं तिने मला काउंटरशी उभी राहून सांगितलं. फाल्गुनातली गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात धाटावचे एक साहेब त्यांचा कॉम्प्युटर न्यायला येऊन बसलेले. यमुनेने पिशवीतून साडीच्या घडीत ठेवलेली सीडी काढली.

“रोह्याच्या सलीमभाईनं काढलीय. माज्या नणंदेच्या लग्नात. सगली अकरा गाणी हायत सासूची,” ती म्हणाली. “घरच्या प्लेअरवर अडकत अडकत वाजायची. आता नायच वाजत. मना पाठ करायचीत हो ताई.”

मी सीडी उजेडात धरली. ओरखडे होते, पण फार नव्हते. आणि मधल्या भोकापासून सुरू होऊन बोटाच्या पेराएवढी, केसासारखी बारीक एक चीर होती.

ती चीर मी पाहिली होती. इतकी वर्षं मी लोकांना सांगताना हे वाक्य गाळत आले. “दिसलीच नाही,” असंच सांगायची. दिसली होती.

चीर का महत्त्वाची, ते सांगते. तेव्हाचे नवे ड्राइव्ह फार वेगाने फिरायचे. मिनिटाला हजारो फेरे. नीट सीडीला काही होत नाही. पण पेणमधले एक निवृत्त गुरुजी आपल्या प्रत्येक सीडीवर सुंदर अक्षरातल्या कागदी चिठ्ठ्या चिकटवायचे, अर्ध्याच बाजूला. तेवढ्या कागदाच्या वजनाने त्यांचा ड्राइव्ह पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. एवढं नाजूक ते प्रकरण. चिरलेली सीडी त्या वेगात घातली तर ती फुटू शकते, हे मला ठाऊक होतं. अशा सीडीसाठी मी एक जुना, संथ ड्राइव्ह राखून ठेवला होता. तो मागच्या कपाटात होता. काढायचा, जोडायचा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा, म्हणजे अर्धा तास.

साहेब घड्याळ बघत होते. आणि मी म्हणून गेले होते, “पाच मिनिटांत कॉपी काढून देते.”

“मी तवर बाजारात जाऊन येतो,” यमुना म्हणाली. आमच्याकडे बायका ‘येतो’ म्हणतात. ती गेली. मी सीडी टेबलावरच्या नव्या ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्हने वेग घेतला, आवाज चढत गेला, शिट्टीसारखा झाला, आणि मग फटाका फुटावा तसा आवाज आला. साहेब खुर्चीतून उठले. ट्रे अर्धवट पुढे येऊन वाकडा झाला आणि चंदेरी ठिकऱ्या टेबलावर सांडल्या.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“सीडी खराब होती,” मी म्हणाले.

खोटं बोलायला मला एवढासुद्धा विचार करावा लागला नाही. 

यमुना परत आली तेव्हा ठिकऱ्या मी एका पाकिटात भरून ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या. “झालं का ताई?” तिने विचारलं. तिच्या हातात कलिंगड होतं, ते तिने काउंटरवर ठेवलं. तुमच्यासाठी आणलंय, म्हणाली.

“थोडं अवघड काम आहे. पुढच्या आठवड्यात ये,” मी म्हणाले.

“चालंल की. तुमच्याकडं हाय म्हंजे झालं,” असं म्हणून ती गेली.

ते कलिंगड मी घरी नेलं, पण कापवलं नाही. शनिवारपर्यंत माझी तिच्याशी बोलायची वाक्यं तयार होती. सीडी मुळातच गेलेली होती. अशी सीडी कुणीच वाचवू शकलं नसतं. तू उशिरा आणलीस. प्रत्येक वाक्यात थोडं खरं होतं, म्हणून ती जास्तच वाईट वाटत होती. रविवारी सकाळी मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि खाडीकडे जाणारी एसटी धरली.

तिचं घर विचारत विचारत गेले. यमुना ओटीवर सुकट निवडत होती. मला बघून गडबडीने उठली, हात धुतले, “तुमी कशाला आलात एवढ्या लांब? मीच आलो असतो,” म्हणाली. पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. चीर दिसली होती, हळू चालणारं यंत्र कपाटात होतं, मी आळस केला, सीडी फुटली. पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाकिटातला एक तुकडा काढला, अलगद बोटात धरला.

“याच्यावर गाणं हाय अजून?”

“असेल. पण वाचता येणार नाही.”

तिने तुकडा उलटसुलट फिरवून बघितला. मग म्हणाली, “चूक माजी पण हाय. सासू म्हणायची, बस गो माज्याजवल, शीक. मी म्हणायचो, सीडी हाय ना. कवा पण ऐकता येतील.” तिने तुकडा पाकिटात परत ठेवला. “माज्या माहेराकडं अलिबागच्या बाजूला चाल येगली. हितली मना अर्धीच येतात. बाकी अर्ध्याला उभी राहून काय करू मांडवात?”

“दुसऱ्या कुणाला येत नाहीत?”

“म्हाताऱ्या हायत. पण त्या नुसत्या मागून सूर धरायच्या. पुढं सांगायची ती सासूच.”

मी विचारलं, “सलीमभाईंकडे दुसरी कॉपी असेल?”

तिने मान वर केली. “तो तर कुवेतला गेला.”

त्या काळी मी दर सोमवारी पेणहून गाडीने रोह्याला जायची. धाटावच्या कारखान्यांची कामं, दोन-चार दुकानं, असा दिवस जायचा. दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. सगळी कामं बाजूला ठेवून मी आधी सलीमभाईंचं घर शोधलं. पूल ओलांडून अष्टमी गावात, गल्लीच्या टोकाला. लग्नाचं शूटिंग करायचे, गावोगाव फिरायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची बायको शमीमभाभी दारात आली. मी कोण, कशाला आले, सांगितलं.

“धवल्यांची सीडी? हां, ह्यांना लई शौक होता त्याचा,” भाभी म्हणाल्या. “म्हणायचे, ही म्हातारी काय गाते बघ. पण आता सामान काहीच नाय ताई. कॉम्प्युटर विकला, कॅमेरा विकला, तवा तिकीट झालं.”

त्यांनी तिथूनच कुवेतला फोन लावला. सलीमभाई कामावर होते, तरी बोलले. आवाज दुरून येत होता. “टेप नाय उरली ताई, त्याच्यावर दुसरं लग्न शूट केलं. पण मी सगळ्याची एक-एक जादा कॉपी ठेवायचो. मोठ्या गोल डब्यात हायत. शमीमला विचारा, माळ्यावर आहे डबा.”

मी भाभींकडे बघितलं. भाभींनी तोंडावर पदर धरला होता.

“काय झालं भाभी?”

“या,” त्या म्हणाल्या आणि मला मागच्या दाराने परसात घेऊन गेल्या.

परसात पडवळाचा आणि दुधीचा मांडव होता. आणि त्या मांडवाला जागोजागी, दोऱ्याला बांधलेल्या सीड्या लटकत होत्या. तीस-चाळीस असतील. वारा आला की सगळ्या फिरायच्या आणि भिंतीवर, पानांवर, आमच्या अंगावर उन्हाचे तुकडे नाचायचे. 

“पाखरं फुलं टिकू देईनात,” भाभी म्हणाल्या. “कुणीतरी सांगितलं, चमकतं ते टांगा. मी म्हटलं, माळ्यावर पडूनच आहेत. दिवाळीपासून टांगल्यात.” आणि मग हळू आवाजात, “ह्यांना नका सांगू.”

सीडीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ऊन. घरी काढलेल्या सीडीत एक रंगाचा थर असतो, त्यात सगळं लिहिलेलं असतं, आणि तो रंग उन्हाने उडतो, साडीचा उडतो तसा. चार महिन्यांचं ऊन. वर मार्करने लिहिलेली नावं दवाने पुसून गेलेली. कुठली कुणाच्या लग्नाची, काही कळायला मार्ग नाही.

भाभी स्टूल घेऊन आल्या आणि आम्ही दोघींनी सगळ्या सीड्या उतरवल्या. दोरे कापायला मी कात्री मागितली, तर त्या गाठी सोडवत बसल्या. म्हणाल्या, “कात्री लागली तर? एवढ्या उन्हातून वाचल्यात, आता माझ्या हातानं नको.” त्यांनी त्या एका जुन्या मऊ दुपट्ट्यात गुंडाळल्या, मला दोन पडवळं दिली आणि कोपऱ्यापर्यंत पोचवायला आल्या.

मंगळवारपासून मी रोज दुपारी तेच काम घेतलं. सीड्या साबणाच्या कोमट पाण्यात धुतल्या. पुसताना गोल नाही पुसायचं, मधून काठाकडे सरळ पुसायचं, हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल, पण तेव्हा ज्या काळजीने पुसलं तसं कधी पुसलं नव्हतं. जास्त ओरखडे होते तिथे टूथपेस्ट चोळली. हसू नका, उपाय खरा आहे. मग कपाटातला तो जुना ड्राइव्ह काढला, त्याचं भिंग साफ केलं, आणि एकेक सीडी घालत गेले. 

बऱ्याच सीड्या कोऱ्या झाल्या होत्या. काही वाजल्या. कुणाचं बारसं, कुणाच्या निकाहानंतरचा वलीमा, एका शाळेचं गॅदरिंग, मध्येच तुटलेली भाषणं. सलीमभाईंची सगळी गेली वर्षं माझ्या टेबलावरून चालली होती, भोकं पडलेली. शुक्रवारी दुपारी एका सीडीवर आधी बायकांची गजबज आली, बांगड्यांचा आवाज आला, कुणीतरी “गप रावा गो” म्हणालं, आणि मग एक आवाज लागला. जाडसर, सावकाश, जरासुद्धा घाई नसलेला. मी चांगुणाबायला कधी ऐकलं नव्हतं. पण ही दुसरी कुणी असणं शक्य नव्हतं.

सीडीवरचं लिखाण आतून बाहेर जातं. पहिलं गाणं मधल्या भोकाजवळ, शेवटचं काठाजवळ. ही सीडी पानांच्या सावलीत लटकत असावी. मधला भाग बरा होता, काठ मात्र फिका पडला होता. पहिली सात गाणी आली. काही ठिकाणी ड्राइव्ह अडला, पुन्हा मागे गेला, पुन्हा प्रयत्न केला, मी जवळ बसून राहिले. एकेका गाण्याला तासभर लागला. आठवं सुरू झालं आणि दोन ओळींत खरखरीत विरून गेलं. नववं, दहावं, अकरावं काहीच नाही. मी तीन दिवस वेगवेगळे उपाय केले. ड्राइव्ह बदलला, मुंबईला ओळखीच्या एकाकडे पाठवून बघितली. सातच.

सात गाण्यांच्या दोन नव्या सीड्या करून मी पुन्हा त्या गावी गेले. यमुनेने आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना बोलावलं होतं. पाच-सहा जणी ओटीवर पाय पसरून बसल्या. त्यांच्यात सगळ्यात मोठी बारकीआजी, तिला ऐकायला कमी यायचं, म्हणून तिला प्लेअरला खेटून बसवलं. मी आधीच सांगितलं की सातच आहेत, चार गेली. यमुना म्हणाली, “सात तर सात.”

चांगुणाबायचा आवाज आला आणि यमुनेने डोळ्यांना पदर लावला. “ही माजी सासूस,” एवढंच म्हणाली. म्हाताऱ्या मात्र रडल्या नाहीत. त्या कामाला लागल्या. दुसऱ्या ओळीपासून त्यांनी मागून सूर धरला, जसा लग्नात धरत असतील तसा. मान हलते आहे, हात जमिनीवर ठेका धरतो आहे. एक संपलं, दुसरं, तिसरं. मधे बोलायला कुणी थांबलं नाही. सातवं संपलं. प्लेअर थांबला.

बारकीआजीला तो थांबलेला कळलाच नाही. तिने सरळ आठवं उचललं.

बाकीच्या तिच्यामागे गेल्या. मी यमुनेकडे बघितलं, ती माझ्याकडे. एकेकटीला विचारलं असतं तर त्यांतल्या कुणीच “मला येतं” म्हणाली नसती. पण सातव्यानंतर आठवं येतं, एवढं त्यांच्या अंगात होतं. नवव्यालाही त्या थांबल्या नाहीत. दहाव्याला भांडण झालं. एक म्हणाली आधी हळदीची ओळ, दुसरी म्हणाली “नाय गो, आधी उंबरा, मग हळद,” बारकीआजी दोघींना गप करून तिसरंच म्हणाली, आणि त्या भांडणातून दहावंही पुरं झालं. यमुना पुटपुटत प्रत्येक ओळ मागून म्हणत होती.

मी माझा धंदा विसरले नव्हते. “पुढच्या रविवारी मी माइक घेऊन येते, सगळं नीट रेकॉर्ड करू,” मी म्हणाले.

“या ना,” यमुना म्हणाली, “पण लग्नानंतर. आधी माज्या तोंडात बसू दे, मग तुमच्या सीडीत.”

“आणि अकरावं?” मी विचारलं.

अकरावं पाठवणीचं होतं. नवरी घरातून निघताना चांगुणाबाय ते एकटीच म्हणायची. 

“तवा ऐकतं कोण?” बारकीआजी म्हणाली. “आमी सगल्या रडत असतो.”

एकीला एक शब्द आठवत होता, दुसरीला नुसती चाल. त्यांनी खूप जुळवाजुळव केली, पण गाणं काही उभं राहिलं नाही. ते माझ्या टेबलावर फुटलं होतं. निघताना यमुनेने मला सुकटाची पुडी दिली.

त्यानंतर मी गावांतून फिरले, इतर धवलारणींना विचारलं. प्रत्येकीचं पाठवणीचं गाणं वेगळं. “हे घ्या की,” त्या म्हणायच्या. मी यमुनेला तसं सांगितलंही. ती म्हणाली, “चांगली असतील ताई. पण ती तिची नायत.”

वैशाखात लग्न झालं. मला आमंत्रण होतं. शमीमभाभींनाही मी घेऊन गेले, त्या मांडवात माझ्याशेजारी बसल्या आणि प्रत्येक गाण्याला माझा हात दाबत राहिल्या. यमुना पहिल्या दोन गाण्यांना घाबरलेली दिसत होती, आवाज वर जात होता. तिसऱ्यापासून तिने म्हाताऱ्यांकडे बघणं सोडलं. दहाची दहा गाणी म्हणाली.

मग पाठवणीची वेळ आली. गाडी बाहेर उभी, नवरी आईच्या गळ्यात. बायका हुंदके देत होत्या. यमुना नवरीजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. काही म्हणाली नाही. मला वाटलं, तिला भरून आलंय. पण तिचे डोळे कोरडे होते, चेहरा शांत होता. एक गाणं म्हणायला लागेल तेवढा वेळ ती तशी उभी राहिली, आणि आश्चर्य म्हणजे सगळा मांडव हळूहळू गप्प झाला. मग तिने हात उचलला आणि नवरी चालू लागली.

नंतर मी तिला गाठलं. “शेवटी काहीच म्हणाली नाहीस?”

“तितं मी नाय म्हणायचं,” यमुना म्हणाली. “तितं सासू म्हणते.”

आता माझा गाळा नाही. यमुना मात्र आजूबाजूच्या गावांतली मोठी धवलारीण आहे, तिच्या हाताखाली गावातल्या चार-पाच सुना शिकतात. त्या बाजूच्या लग्नाला मी अजून जाते. पाठवणीला ती नवरीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहते, मांडव गप्प होतो. नव्या सुनांना वाटतं की ही तिथली जुनी रीतच आहे. त्या सगळ्या बायकांत मी एकटीच अशी असते, जिला त्या शांततेच्या सुरुवातीला फटाक्यासारखा एक आवाज ऐकू येतो. मी मान खाली घालून तो ऐकते. मग तोही थांबतो.